कूकाबाईंच्या घराची किंमत

“पहिल्या तारखेपासून नऊ हजार,” कूकाबाई म्हणाल्या.

मी अंगणातल्या नळाखाली तांदूळ धूत होते. ऐकण्यात काही चूक झाली असेल म्हणून मी विचारलं, “काय नऊ हजार?”

“भाडं.”

“कुणाचं?”

“तुमचं, सेन्योरा.”

सहा वर्षांत त्यांनी मला कधी परक्या बाईला म्हणतात तसं सेन्योरा म्हटलं नव्हतं. शरयू हे नाव त्यांच्या जिभेला झेपायचं नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं सारिता करून टाकलं होतं. पण त्या सकाळी माझं लक्ष त्या शब्दाकडे गेलंच नाही, ते आकड्यावर होतं. साडेचार हजार पेसो भाडं, सहा वर्षांत एकदाही न वाढलेलं, ते एका सकाळी दुप्पट.

“आणि नाही जमलं तर?”

“तर घर रिकामं करावं लागेल.” त्यांनी एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. मग वळून अंगण ओलांडून त्या आपल्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार ओढून घेतलं. ते दार दिवसा कधी बंद नसायचं.

तांदळातलं पाणी मी इतक्या जोरात ओतलं की निम्मे तांदूळ मोरीत गेले. तेवढ्यानं आणखीच भडकले, कारण तांदूळही महाग झाले होते.

तेव्हा सगळंच महाग झालं होतं. आम्ही ओहायोतून मेक्सिकोतल्या त्या तळ्याकाठच्या गावात आलो तेव्हा एका डॉलरचे वीस पेसो मिळायचे. ते हळूहळू सतरावर आले. म्हणजे आमची पेन्शन तेवढीच, पण बँकेतून बाहेर पडेपर्यंत तिला गळती लागलेली. इकडे लिंबं तिप्पट, तेल दीडपट, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा दर महिन्याला खांदे उडवून नवा भाव सांगायचा. माझा नवरा दिगंबर निवृत्त होण्याआधी दोन वर्षं त्याची कंपनी बुडाली आणि पेन्शन अर्ध्यावर आली. ओहायोतल्या घराचा नुसता करही आम्हाला जड व्हायला लागला, म्हणून तर आम्ही उन्हात स्वस्तात राहायला इतक्या लांब आलो होतो. चौतीस वर्षं त्यानं कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासले, मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या. मूलबाळ नाही, कुणाकडे जाऊन राहायची सोय नाही. जे होतं ते हे घर.

दिगंबर आमच्या दारात उभा होता, डावा हात भिंतीवरच्या दोरावर.

“मी ऐकलं,” तो म्हणाला.

“काय बाई आहे. सरळ दुप्पट. तिच्या त्या भाच्यानं भरवलं असणार डोक्यात.”

“शरू, त्या अशा नाहीत. काहीतरी झालंय. तू जाऊन नीट विचार.”

“विचारायचं काय त्यात? माणसाला हाव सुटते. आपलंच चुकलं, आपण त्यांना घरच्यासारखं मानलं.”

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचाही मला राग आला, कारण नऊ हजारांपेक्षा मोठी भीती कशाची आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि आमच्यापैकी कुणी ते बोलत नव्हतं.

दिगंबरला काचबिंदू होता. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी त्याची नजर गेलीच, फक्त ऊन आणि सावली एवढं कळायचं. पण त्या घरात तो आंधळा नव्हता. घर म्हणजे रस्त्याला एक निळं दार, आत अंगण, अंगणात पेरूचं झाड. एका बाजूला आमच्या दोन खोल्या, समोरच्या बाजूला कूकाबाई, आणि आमची न्हाणी अंगणाच्या पार टोकाला. नजर गेली तेव्हा न्हाणीपर्यंत जायलासुद्धा त्याला माझा हात लागायचा, आणि त्यानं तो खचत चालला होता. एक दिवस कूकाबाईंनी आपल्या नवऱ्याच्या नावेचा दोर काढला. नवरा तळ्यात मासेमारी करायचा, शेवटी शेवटी साखरेनं त्याचेही डोळे गेले होते. त्यांनी भिंतीला कमरेच्या उंचीवर आकडे ठोकले आणि तो दोर आमच्या दारापासून सगळ्या अंगणाला फिरवला. दिगंबरला हाताला धरून त्या आठ दिवस त्याच्याबरोबर चालल्या. जिथे पायरी, तिथे दोराला एक गाठ. न्हाणीशी दोन गाठी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तीन, कारण तिथे त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची.

तीन गाठींपाशी बसून तो त्यांना मक्याचे दाणे सोलून द्यायचा. त्या स्पॅनिशमध्ये बोलायच्या, तो मराठीत. दोघांचं कसं काय जमायचं कोण जाणे. आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडून एखादं भांडं यायचं, कधी घेवड्याची उसळ, कधी निवडुंगाच्या पानांची भाजी. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून मी त्यातून कोथिंबिरीच्या वड्या पाठवायची. असं आमचं चाललेलं होतं.

आता साडेचार हजारांत दुसरं घर त्या गावात मिळणार नव्हतं. मिळालं असतं तरी ते दुसरं घर असतं.

दुपारी मी आठवडी बाजारात गेले आणि जो समोर येईल त्याच्याशी भांडले. टोमॅटोवाल्याशी भांडले, अंडीवालीशी भांडले. तसा भाव मी नेहमीच करायची. भाजी घ्यायची तर सांगितल्याच्या निम्म्यानं सुरुवात करायची आणि मधे कुठेतरी भेटायचं, हे मी गिरगावात आईच्या मागे पिशवी धरून शिकलेली. चौतीस वर्षं अमेरिकेच्या दुकानांत ते अंगातच कुजत पडलं होतं. इथे आल्यावर मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. एकदा मात्र कूकाबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. एक म्हातारी फडक्यावर निवडुंगाची पानं सोलून मांडून बसली होती. तिनं वीस सांगितले, मी दहा म्हटलं. कूकाबाईंनी मधे पडून तिला वीस दिले आणि वाटेत मला म्हणाल्या, “ती माझ्या गल्लीतली आहे. ओळखीच्या माणसाशी भाव केला की त्याला वाटतं, आपण खोटं बोललो असं हिला वाटतंय.” मी हसले होते. म्हटलं, हिला व्यवहार कळत नाही.

बाजारातून आल्यावर मी नीता खोपकरला फोन लावला. खोपकर नवरा-बायको डॅलसचे. आमच्यासारखेच निवृत्त, फक्त पेन्शन दणदणीत. गेल्या आठवड्यात ते गाव बघायला आले होते, चौकातल्या हॉटेलात उतरले होते. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं, मसालेभात केला होता, घर दाखवलं होतं, पेरू खायला दिले होते. मला वाटलं, निदान आपल्या माणसापाशी मन मोकळं करावं.

“नीता, कळलं का, आमची मालकीण भाडं दुप्पट मागतेय.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“किती म्हणाली?” नीतानं विचारलं.

“नऊ हजार.”

“अच्छा.” “हे बघ शरयू, गैरसमज नको हां. आम्ही नुसतं विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

“म्हणजे सुहासला तुमचं घर फार आवडलं. ते अंगण, ते झाड. निघताना आम्ही तिच्या किचनमध्ये डोकावलो तर तिनं आग्रहानं कॉफीला बसवलं. सुहास सहज म्हणाला, असं घर आम्हाला मिळालं तर आम्ही नऊ आनंदानं देऊ. तुमचंच हवं असं नाही, असं कुठलंही. आता तिनं त्याचा काय अर्थ काढला...”

“माझ्या घरी जेवून तुम्ही माझ्याच घराचा भाव वाढवून आलात?”

“अगं, डॅलसच्या मानानं नऊ हजार म्हणजे काहीच नाही.”

“ते तिला का सांगितलंत?”

“आणि तुझाच तर लेख वाचून आम्ही आलो,” नीता म्हणाली. आवाजात आता कुरकुर होती. “तूच लिहिलं होतंस ना, या सगळ्यांनी इकडे म्हणून?”

मी फोन ठेवला. दिगंबरला सगळं सांगितलं, अर्थात माझ्या शब्दांत. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कॉफी प्यायला बसले होते, तेव्हा आणखी काय बोलणं झालं?”

“मला काय माहीत?”

“विचारायचं होतंस.”

“तुला सगळ्यांची बाजू दिसते, माझी सोडून,” मी म्हणाले. दिसते हा शब्द त्याला लागला असेल का याचा विचारही मी केला नाही आणि तणतणत अंगण ओलांडलं.

कूकाबाईंचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकलूनच आत गेले. त्या ओट्याशी उभ्या होत्या, शेगडीवर घेवडा रटरटत होता. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पातेल्याकडे पाहिलं.

“खोपकरांनी नऊ सांगितले म्हणून तुम्ही नऊ सांगितले,” मी म्हणाले. “सहा वर्षं आम्ही वेळेवर भाडं दिलं. तुमचा पाय मोडला तेव्हा महिनाभर मी तुमचा स्वयंपाक केला. आणि कुठल्या कोण माणसानं एका कॉफीवर आकडा टाकला तर तुम्ही आम्हाला बाहेर काढायला निघालात. लाज नाही वाटत?”

असं मी बोलले. माझं स्पॅनिश बाजारात शिकलेलं, त्यामुळे त्यात भांडायचे शब्द भरपूर होते.

कूकाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.

त्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या शेजारी त्यांच्या मारियामातेची तसबीर, आणि तसबिरीखाली चार टाचण्या. चार टाचण्यांच्या मधली भिंत रिकामी होती. नोव्हेंबरपासून तिथे एक पान लावलेलं होतं.

ते पान माझं होतं. आमच्या ओहायोच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात मी लेख लिहिला होता, ‘हजार डॉलरांत राजेशाही’. स्वस्तात कसं राहावं याच्या सगळ्या युक्त्या त्यात होत्या, बाजार कोणत्या वारी, डॉक्टर कोणता, घर कसं शोधावं. बरोबर फोटो, निळ्या दारात उभ्या असलेल्या कूकाबाई. अंक आला तेव्हा मी एक प्रत त्यांना दिली. त्यांना कोण आनंद झाला. मराठी अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं होतं, “यात माझ्याबद्दल लिहिलंय?” मी म्हटलं होतं, “हो तर.” त्यांनी ते पान कापून मारियामातेखाली लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, हे बघा, मी हिंदुस्थानच्या पुस्तकात आहे.

आता त्यांनी ड्रॉवर उघडला आणि ते पान काढून टेबलावर ठेवलं. मधोमध घडी पडली होती, त्यांच्या फोटोवरून.

“तुमच्या मैत्रिणीला मी म्हटलं, मला हे वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. “तीन महिने मी वाट पाहत होते, वाचता येणारं कुणीतरी येईल म्हणून. तुम्हालाच सांगणार होते, पण म्हटलं, आपल्याबद्दलचं कौतुक लिहिणाऱ्याच माणसाकडून कसं वाचून घ्यायचं. तिनं फोन धरला वर, आणि फोननं स्पॅनिशमध्ये वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

मला त्या लेखातलं प्रत्येक वाक्य पाठ होतं. आपण लिहिलेलं कुणाला पाठ नसतं? ‘घरमालकीण स्वभावानं भोळी. आपल्या घराची किंमत तिला कळलेली नाही, आणि आपण होऊन सांगायला आपण थोडेच जाणार आहोत!’ मी लेख वाचून दाखवला तेव्हा दिगंबर म्हणाला होता, हे वाक्य काढ. मी म्हटलं होतं, विनोद आहे तो, वाचकांना आवडतो. आणि आवडलाही होता. चार जणांनी फोन करून तेवढंच वाक्य म्हणून दाखवलं होतं.

“ते गमतीनं लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“सेन्योरा, माझ्या घराची किंमत मला माहीत होती. कोपऱ्यावरच्या घराचं भाडं अकरा हजार आहे, ते माझ्या बहिणीचं घर आहे. माझा भाचा दर रविवारी माझ्या डोक्याशी तेच घेऊन बसतो. मलाही लिंबं विकत घ्यावी लागतात. मलाही गॅस लागतो.” त्यांनी ते पान आपल्याकडे ओढलं. “किंमत मला माहीत होती. मी ती तुमच्याकडून घेत नव्हते.”

मला तेव्हा शरमेनं मान खाली घालता आली असती. पण मला आला तो राग, पकडलं गेल्यावर येतो तसला. नीताचा राग आला, फोनचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा आला, की हिनं हे सहा वर्षं मनात ठेवलं आणि माझ्यावर उपकार करत राहिली. मी कुणाचे उपकार घेत नाही असं मी आयुष्यभर सांगत आले होते.

“मग तेव्हाच सांगायचं होतंत,” मी म्हणाले. “आम्ही भीक नव्हतो मागत.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. हाताच्या तळव्यानं त्या पानावरची घडी सपाट करत राहिल्या. मग बोलल्या तेव्हा आवाज थकलेला होता, आणि, आता आठवते तसा, बराचसा मऊ.

“बरं. मी भोळी, तुम्ही शहाण्या. आपण नऊ विसरून जाऊ. तुमच्या मैत्रिणीला मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्हीच सांगा, सारिता. या घराची किंमत काय?”

सारिता म्हणाल्या. त्याही वेळी मी ते ऐकलं नाही.

मला दिसला तो फक्त आकडा खाली येताना. समोरच्यानं तुम्हीच सांगा म्हटलं की तो वाकला, हे मला बाजारानं शिकवलं होतं. आता चुकायचं नाही. आम्हाला सात सहज परवडत होते, ओढून ताणून आठही जमले असते. पण पहिला आकडा खालून सांगायचा असतो.

“पाच,” मी म्हणाले.

कूकाबाईंनी वर पाहिलं.

घेवडा रटरटत होता. त्या काहीच बोलेनात. गप्प राहून भाव वाढवणारी गिऱ्हाइकं आणि दुकानदार मी पुष्कळ पाहिले होते.

“साडेपाच,” मी म्हणाले. “त्याच्या वर मला परवडणार नाही.”

“बरं,” कूकाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, शेगडी बंद केली, झाकण ठेवलं. “तुमच्या मैत्रिणीला मी कळवते. पाच तारखेपर्यंत घर मोकळं करा.”

“अहो, पण मी नुसतं... सहा म्हणा. साडेसहा.”

“जा आता, सेन्योरा.”

अंगणात तीन गाठींपाशी दिगंबर उभा होता. दोर धरून तो इथपर्यंत आला होता आणि दाराबाहेर थांबला होता. त्यानं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळतच होतं. स्पॅनिश त्याला फारसं येत नसलं तरी आकडे येत होते.

“पाच म्हणालीस?” त्यानं विचारलं.

“भाव करावाच लागतो.”

“त्या भाव नव्हत्या करत, शरू.”

“मग काय करत होत्या?”

तो वळला. दोन गाठी गेल्या, एक गाठ गेली, पायरी तो न अडखळता चढला आणि आत गेला.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागायला हवी होती. मागितली नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले की म्हातारी पैशाला भुलली. खोपकरांना मी फोनवर असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी माझं नाव टाकलं आणि मी त्यांचं. टेकडीवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, भाडं साडेसात हजार. ते द्यायला मात्र मी खळखळ केली नाही, कारण मालक अनोळखी होता आणि त्यानं आकडा छापून दाराला लावला होता.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत असताना कूकाबाई बाहेर आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या एकेका आकड्यातून दोर सोडवला, आमच्या दारापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून आपल्या दारापर्यंत. त्याची नीट गुंडाळी केली आणि ती दिगंबरच्या दोन्ही हातांत दिली. त्यांच्या नवऱ्याची तेवढी एकच वस्तू त्या घरात उरली होती, हे मला माहीत होतं. दिगंबर मराठीत काहीतरी पुटपुटला. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि आत गेल्या.

खोपकर त्या घरात एक हिवाळा राहिले. मग त्यांना ते गाव महाग वाटायला लागलं आणि ते पोर्तुगालला गेले.

नव्या जागेत दिगंबर पहिल्याच आठवड्यात दोनदा पडला. न्हाणी आतच होती, बारा पावलांवर, पण मधे वळण होतं आणि एक उंच उंबरठा. मी म्हटलं, थांब, मी करते सोय. मी आकडे आणले, भिंतीला ठोकले, आणि तो दोर काढला. दोराच्या गाठी जुन्या घराच्या होत्या. पायरी नसलेल्या जागी पायरीची गाठ यायची, भिंतीच्या मध्यावर न्हाणीच्या दोन. त्यानं तो आणखीच चुकला असता. म्हणून एका दुपारी तो झोपलेला असताना मी फरशीवर बसले आणि सगळ्या गाठी सोडवल्या. पाण्यात भिजून, वर्षानुवर्षं हात लागून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. मी नखांनी ओढल्या, दातांनी ओढल्या. रागच इतका होता अंगात की बरं वाटत होतं कशाशी तरी झटताना. मग नव्या अंतरावर नव्या गाठी मारल्या, उंबरठ्याला एक, न्हाणीला दोन.

तो उठल्यावर मी त्याचा हात दोरावर ठेवला. म्हटलं, चल बघू.

तो चालला नाही. दोर त्यानं आकड्यातून काढून घेतला आणि बोटांतून सरकवत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलट. एका जागी त्याची बोटं थांबली आणि तिथेच चाचपडत राहिली.

“इथे तीन होत्या,” तो म्हणाला.

“त्या सोडवल्या मी. त्या इथे कामाच्या नव्हत्या.”

“माहीत आहे मला.”

त्यानं दोराची गुंडाळी केली, कूकाबाईंनी केली होती तशीच, आणि खाली ठेवली. त्यानंतर पावणेदोन वर्षं तो होता. माझा हात धरल्याशिवाय तो खुर्चीतून एकदाही उठला नाही.

हार्डवेअरच्या दुकानात तेवढाच नवा दोर ऐंशी पेसोंना होता. मी आदल्याच दिवशी विचारून आले होते, आणि महाग वाटला म्हणून घेतला नव्हता.